अस्वलाचा खुराक

जळगाव जामोद,
ता. ४ नोव्हेंबर १९६३

श्री. वामनराव यांस उकंडरावचा रामराम.

तुमचे पत्र पोचले. चार ओळी खुशालीच्या आणि दीड पान सल्ल्याचे. तुम्ही तिकडे अल्मोड्याच्या डोंगरात सरकारी सडकेच्या गुदामावर घमेली-फावडी मोजता. ती मोजून वेळ उरला की जळगावच्या रोग्यांवर उपचारही करता, हे आज कळले. सासूबाई माझ्या घरी राहतात. माझी सासू तीच तुमची सासू, आपण साडू, हे सगळे मान्य. पण त्यांची नाडी रोज सकाळी मी पाहतो.

आईला बुलढाण्याला आमच्या घरी, आशाबाईकडे पाठवा, तिथे मोठा डॉक्टर आहे, असे तुम्ही लिहिता. तो काय करील ते मी इथे दुकानात बसून सांगतो. जीभ बघील, सुई टोचील आणि लाल पाण्याची बाटली देईल. बाटलीवर डोसाची कागदी पट्टी असेल आणि ती तिरपी चिकटवलेली असेल. पट्टी सरळ चिकटवणारा कंपाउंडर मी अजून पाहिलेला नाही. ज्याला पट्टी सरळ लावता येत नाही, त्याच्या हातचे औषध पोटात सरळ कसे जाईल?

मी कोणत्या कॉलेजात गेलो नाही, हे तुम्ही दर लग्नकार्यात पंगतीत काढता. नाही गेलो. काष्ठौषधीच्या दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा ग्रंथ वाचले आणि असेल तेव्हा गिऱ्हाईक वाचले. आता उपचार ऐका. भाद्रपदात सासूबाईंनी कणसे जास्त खाल्ली, पोट बिघडले. त्या दिवसापासून मी हाती घेतले. पहाटे हिरड्याचे चूर्ण कोमट पाण्यातून, चिमटीने नव्हे, काट्यावर तोलून. दर सोमवारी एरंडेल. आधी शुद्धी, मग पुष्टी. शुद्धी उत्तम चालू आहे. दिवसातून पाच-सहा वेळा तांब्या घेऊन जातात. अंगावर मांस राहिले नाही खरे, पण ते पुष्टीचे काम, त्याची पाळी आता.

त्यासाठी तुम्ही लागता. बाळगुटीत उगाळतात ते मायफळ मी रोज विकतो. ते फळ नव्हे, थंड मुलखातल्या एका झाडाला किड्याने केलेली गाठ. किड्याने केलेली गाठ इतकी गुणी, तर झाडाने स्वतः धरलेले फळ किती गुणी असेल? हकीम त्याला बलूत म्हणतात. आपल्या ग्रंथांत मला ते सापडले नाही. पण ग्रंथ लिहिणाऱ्यांचे साडू डोंगरात नोकरीला नसतील. एक पोते पाठवा. फळ देठाकडच्या टोपीसकट हवे. टोपी निसटलेले चालणार नाही.

उकंडराव


लोहाघाट, जिल्हा अल्मोडा,
ता. २१ नोव्हेंबर १९६३

साडूभाऊ उकंडरावजींना साष्टांग नमस्कार.

तुमचे बलूत रोज माझ्या डोक्यावर आहे. गुदामामागेच त्याचे रान आहे. इथे झाडाला बांज म्हणतात, साहेब ओक म्हणतो. पाला म्हशीला, लाकूड चुलीला, आणि फळ वानराला आणि अस्वलाला, अशी इथली वाटणी आहे. माणसाच्या वाट्याला काही आलेले नाही. पोरे त्यात काडी खुपसून भोवरे करतात. आमच्या मुकादमाला विचारले, हे औषधाला कोणी खाते का. तो म्हणाला, अस्वल खाते, पण त्याला आजार काय आहे ते त्याने सांगितलेले नाही.

तुमचा शास्त्रार्थ असल्याने मी एक हिरवेच चावून पाहिले. जीभ टाळूला जी चिकटली ती दुपारपर्यंत सुटेना. त्या दिवशी साहेबाशी माझे भांडण झाले नाही. एवढा गुण मान्य.

पण थट्टा पुरे. आशाचे पत्र आले. ती दिवाळीत तिकडे आली होती तेव्हा आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, असे लिहिते. फळ पिकायला अजून महिना आहे. पिकले की पोते पाठवतो, टोप्यांसकट. पण एका अटीवर. महाशिवरात्रीला आई आपल्या पायांनी महादेवाला जाऊन आली नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने आशा तिला बुलढाण्याला घेऊन जाईल, आणि तुम्ही फाटकात आडवे उभे राहायचे नाही. कबूल असेल तर लिहा. अस्वलाचा खुराक तयार ठेवतो.

तुमचा
वामनराव


जळगाव जामोद,
ता. ९ डिसेंबर १९६३

श्री. वामनराव यांस रामराम.

तुमच्या पत्रात उपयोगी मजकूर एका शब्दाचा आहे, आणि तो तुम्ही थट्टेत लिहिला. अस्वल. तुम्ही त्याला हसलात. मी दोन दिवस त्याच्यावर विचार केला.

हिमालयातले अस्वल हिवाळाभर गुहेत पडून राहते, हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्या काळात ते खात नाही, तरी मरत नाही. ही झाली पुष्टी. आणि, वामनराव, या काळात ते परसाकडेही जात नाही. हे झाले स्तंभन. गुहेत शिरण्याआधी ते खाते काय? तुमच्याच मुकादमाची साक्ष आहे. पोटाच्या रोगावर याहून मोठा पुरावा मला कोणत्या ऋषीने दिला असता? मुकादमाचे नाव कळवा. माझ्या टिपणात साक्षीदार म्हणून घालतो. तुमचे घालत नाही.

तुमची अट कबूल. माझे औषध हरले तर सासूबाई बुलढाण्याला जातील आणि मी दुकानातला खल भर बाजारात पालथा घालीन. वडिलांपासूनचा दगडी खल आहे, आजवर कधी पालथा पडलेला नाही.

कळवायचे ते कळवतो. परवा सासूबाई तुळशीला पाणी घालताना चक्कर येऊन खाली बसल्या. आमच्या सौ. केसरने रडून घर डोक्यावर घेतले. मला म्हणाली, "माय मेल्यावर शुद्धी कोनाची करता?" बायकांना क्रम समजत नाही. पण पोते लवकर पाठवा.

उकंडराव


लोहाघाट,
ता. ६ जानेवारी १९६४

साडूभाऊंना नमस्कार.

पोते टनकपूरहून रेल्वेने टाकले, नांदुऱ्याला उतरवून घ्या. मुकादमाचे नाव दीवानसिंग. अस्वलाचे नाव कळू शकले नाही, ते गुहेत आहे.

चक्करेचे वाचून मला रात्रीचे जेवण गेले नाही. सासरे गेले तेव्हा आईला मी माझ्याकडे आणणार होतो, पण माझी नोकरी अशी भटकी, म्हणून ती तुमच्या घरी राहिली, आणि तुम्ही ठेवून घेतली. हे मी कधी बोललो नाही, पण विसरलेलो नाही. म्हणूनच हात जोडून सांगतो, ही हट्टाची गोष्ट करू नका. आशा संक्रांतीला येते आहे, शिवरात्रीपर्यंत राहील. तिच्या ट्रंकेत आईची दोन लुगडी मावतील इतकी जागा ठेवायला मी सांगितले आहे.

वामनराव


जळगाव जामोद,
ता. २५ जानेवारी १९६४

श्री. वामनराव यांस रामराम.

पोते मिळाले. शेकडा तीस फळांच्या टोप्या वाटेत निसटल्या आहेत, रेल्वेकडून दुसरी अपेक्षा नव्हती. ती वेगळी काढली.

तुम्ही एक गोष्ट कळवली नव्हती, ती मी फळ पाहताच ओळखली. टोपीत बसलेले फळ आपण सातपुड्यात पाहत आलो आहोत. बिब्बा! तोही असाच बोंडावर बसतो, तशीच टणक साल, तसाच आकार. हा बिब्ब्याचा डोंगरातला भाऊबंद आहे. म्हणजे तो उतणार. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की कातडी कशी फोडाने भरते ते या तालुक्यात सांगायला नको. मी घरातल्या सगळ्यांना तिळाच्या तेलाने कोपरापर्यंत हात माखायला लावले, तोंडाला फडकी बांधायला लावली आणि मगच पोत्याची सुतळी सोडली. आशाबाई हसल्या. तुमच्याच घरच्या आहेत.

मग बिब्ब्याचे करतात तेच शोधन. विटकरीचा चुरा, दोन वेळा चाळलेला, त्यात फळे चोळून पुरून ठेवली, म्हणजे चुरा तेल ओढून काळा पडतो. आठवड्याने उघडले तर चुरा जसाच्या तसा लाल. तेलाचा थेंब नाही. कारण उघड आहे: थंड मुलखातले तेल थंडीने आतच गोठून राहिले. म्हणून फळे भाजून, फोडून, गर वस्त्रगाळ केला. एका दाण्याची चव जिभेवर घेतली. रस तुरट, दुसरा रस सापडण्याआधी जीभ बंद पडली.

गूळ, तूप, सुंठ घालून सुपारीएवढे लाडू वळले. रोज सकाळी एक. मी स्वतः पण एक घेतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सासूवर प्रयोग केला. आणि नवे द्रव्य चालू असताना जुने चालू ठेवले तर गुण कोणाचा ते कसे कळणार? म्हणून लाडू सुरू केला त्या दिवसापासून हिरडा बंद, एरंडेल बंद. शास्त्र म्हणजे हे. बुलढाण्याला पाच औषधे एका बाटलीत घालतात.

उकंडराव


जळगाव जामोद,
ता. १३ फेब्रुवारी १९६४

श्री. वामनराव यांस रामराम.

पत्र सावकाश बसून वाचा. शिवरात्रीला सासूबाई महादेवाला आपल्या पायांनी गेल्या, आपल्या पायांनी आल्या. वाटेत ओट्यावर बसून दोन बायांशी भांडल्याही. तांब्या आता दिवसातून एकदाच हलतो. बांगड्या मनगटावर आल्या आहेत. भाकरी दीड खातात आणि वरून विचारतात, ठेचा काऊन नाही.

आशाबाईंची ट्रंक रिकामीच आहे, पाहिजे तर तिच्यात तुमची अट ठेवा.

गावात बोलबाला झाला आहे. दुकानापुढे गर्दी असते. सोनार येऊन लाडू मागू लागला. त्याला म्हटले, तुला अजून अस्वलाइतकी अक्कल आली नाही, थांब. पाटी रंगवायला दिली आहे: "हिमालयीन बलूतपाक". रंगाऱ्याने बलूतमधला ऊ ऱ्हस्व काढला, पाटी परत केली. एका औषधाने घराला कळा येते पाहा: दारातली बकरीसुद्धा औंदा अंगाने भरली आहे, दूध घट्ट देते. ते मी सकाळी पितो. मला स्वतःला मात्र लाडवाने थोडा मलावष्टंभ झाला. तो पित्तप्रकृतीचा दोष, लाडवाचा नव्हे. मी रात्री हिरडा घेतो. तो त्यावर रामबाण आहे, दोन वेळा पोट साफ होते.

आता पुढचे. लाडू रामनवमीपर्यंत पुरतील. सासूबाईंच्या अंगात बळ आले आहे, तर हीच वेळ आहे. रामनवमीनंतर पुन्हा हिरडा आणि एरंडेल सुरू करून शुद्धीची दुसरी फेरी घेणार. या वेळी शक्ती आहे, मात्रा दुप्पट देता येईल.

तुमच्याकडून एका ओळीची अपेक्षा आहे. "उकंडराव, चुकलो." जास्त लिहू नका, कागद महाग आहे.

उकंडराव


लोहाघाट,
ता. २४ फेब्रुवारी १९६४

सौ. आशास अनेक आशीर्वाद.

साडूभाऊंचे विजयपत्र आले. मी ते तीन वेळा वाचले, आणि तिसऱ्या वेळी तारखांखाली रेघा ओढल्या. तू आईजवळच आहेस म्हणून तुला लिहितो.

भाद्रपदात आईचे पोट बिघडले ते कणसांनी. ते दोन दिवसांत थांबले असते. मग सुरू झाला हिरडा, आणि दर सोमवारी एरंडेल. रोज जुलाबाचे औषध घेतल्यावर जुलाब होणार नाहीत तर काय होईल? चार महिने हा माणूस रोगच तोलून पाजत होता. बरे वाटले कधी? हिरडा बंद केला त्या दिवसापासून. आणि हे मी शोधून काढलेले नाही, त्यांनीच आपल्या सुंदर अक्षरात लिहून पाठवले आहे. स्वतःला रात्री हिरडा घेऊन काय होते, तेही लिहिले आहे. एवढे बारकाईने लिहिणारा माणूस आपले लिहिलेले वाचत मात्र नाही.

सोबतच्या पाकिटात त्यांच्या नावाचे पत्र आहे. त्यांच्याच पत्रांतली वाक्ये तारखांसह उतरवली आहेत, माझा शब्द एकही नाही. बाजाराच्या दिवशी, दुकानापुढे गर्दी असेल तेव्हा, तू ते मोठ्याने वाच. सोनाराला पुढे बसव. आणि खल तयार ठेवायला सांग, पालथा घालायला माणसे मी इथून पाठवीन. रामनवमीच्या आत हे झालेच पाहिजे.

तुझा
वामन


जळगाव जामोद,
ता. ४ मार्च १९६४

वामनरावजींना जनकाबाईचा आशीर्वाद. हे मी सांगून राह्यली आन् आशा लिहून राह्यली.

तुमचं पत्र आशानं मले वाचून दाखवलं. पाकीटही फोडून वाचलं, मीच फोडाले लावलं. तुमचं सगळं खरं हाय. पन तुमाले आत्ता समजलं, मले कुवार महिन्यापासून मालूम हाय. पोट माहं हाय, बाप्पा. हिरडा खाल्ला का जा, नाई खाल्ला का नको जाऊ, येवढं तर ढोरालेही समजते.

तुमी म्हनाल, मंग घेतला काऊन. मले पोरगा नाई. मी जवायाच्या घरची भाकर खातो. लोक काय काय बोलतात हे तुमाले तिकडे डोंगरात आयकू येत नाई. हा मानूस एका दिवशी बोलला नाई, का सासू पोसतो. सकाळी स्वतः उठून पानी कोमट करते, चूर्न तोलून माह्या हातावर ठेवते आन् मी गिळेपर्यंत उभा राह्यते. त्याच्या हातचं नाई कसं म्हनू? भाकर घ्याची आन् औषध थुकाचं? एक डाव म्हनून पायलं, का हिरडा थांबवा. तर दुसऱ्या दिवशी मात्रा वाढवली. म्हने, रोग बोलून राह्यला.

लाडू म्या पह्यल्या दिवशी चाखला. थुकला. तवापासून देवाले दाखवून मंग खातो म्हनतो, आन् रोजचा लाडू बकरीले जाते. लय आवडते तिले. केसरले ठाव हाय, आता आशालेही ठाव हाय, बकरी कोनाले सांगत नाई. दूध जवाई पेतात आन् म्हनतात घराले कळा आली.

आता तुमी थे पत्र बजारात वाचा म्हनता. वाचलं तं काय होईन? खल पालथा पडन. मंग हा मानूस गप बसन काय? हिरड्याचा दोष नव्हता हे दाखवाले दुसऱ्या दिवशी हिरडा घेऊन माह्या उशाशी उभा राहीन, पार तारीख-वार लिहून. आन् मी बुलढान्याले गेली तं गाव म्हनन, सासू पळून गेली. ज्यानं पोसलं त्याचं नाक कापून मले जगाचं नाई.

पाकीट म्या चुलीत घातलं. रागावू नका.

तुमी येक करा. पोतं पाठवा. दर साली पाठवत जा. बलूत चालू हाय तवर हिरडा बंद हाय, येवढंच त्या बलुताचं औषध. रामनवमी जवळ आली, लाडू थोडेच उरले. आन् तुमाले लिहाव लागन तसं लिहा, तुमच्या तोंडून आलं तरच थो आयकन. तुमी चांगले शिकले हा, आजवर खूप हासले. आता येक डाव हरा.

(आई बोलली तसेच लिहिले. मी ट्रंकेत तिची लुगडी भरली होती, ती तिने काढून घेतली. — आशा)


लोहाघाट,
ता. १४ मार्च १९६४

तीर्थस्वरूप साडूभाऊ उकंडरावजी यांच्या चरणी वामनचा साष्टांग नमस्कार.

उकंडराव, चुकलो.

तुम्ही एक ओळ मागितली होती, ती वर आहे. पण मजकूर थोडा वाढवतो, कागद सरकारी आहे. आईचे वर्तमान आशाने सविस्तर कळवले. तुमच्या बलूतपाकाने जे झाले ते कोणत्याही डॉक्टरच्या बाटलीने झाले नसते, हे मी पूर्ण विचाराने आणि शुद्धीवर राहून लिहितो. खल जसा आहे तसा राहू द्या. आजवर पंगतीत तुमच्याबद्दल जे बोललो ते पालथे घातले असे समजा. पाटीवरचा ऊ दीर्घच हवा, तुमचे बरोबर आहे.

दोन पोती आजच टनकपूरला रवाना केली. आता मजूर रानात पडलेले वेचतात आणि माझ्याकडे संशयाने पाहतात. साहेबाने विचारले, हे कशाला. मी म्हटले, माझे साडू मोठे वैद्य आहेत. हे वाक्य बोलताना बलूत चावल्यासारखी जीभ टाळूला चिकटली, पण बोललो. पुढेही दर वर्षी पौषात पोती पोचतील, माझी बदली कुठेही होवो.

एक विनंती. शुद्धीची दुसरी फेरी घेऊ नये. तुमच्या अस्वलाच्या सिद्धान्तावर मी दीवानसिंगाशी पुष्कळ चर्चा केली. तो या रानात जन्मला, पन्नास वर्षे अस्वले पाहतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे, ज्याने एकदा बलूत सुरू केले त्या अस्वलाला जन्मभर हिरडा चालत नाही. बलुताशी त्याचे वैर आहे. हिरडा खाऊन गुहेत शिरलेले अस्वल त्याने एकही पाहिले नाही. ही साक्ष टिपणात त्याच्याच नावाने घाला. या वेळी माझेही नाव खाली घातले तरी चालेल.

आईला सांगा, पोती दोन आहेत, पुष्कळ दिवस पुरतील. आणि बकरी विकू नका. तिच्या दुधाला जो गुण आला आहे, तो तुमच्याच हातचा आहे.

आपला
वामन